चौसष्टाव्या पानापर्यंतची सरू

रविवार, ४ जुलै १९३७

ही वही दत्तोबाकडून मागून घेतली. रेल्वेची आहे, वर इंजिनाचं चित्र आहे. रोज काय शिजवलं आणि कोण आलं-गेलं ते लिहायची मला हौस नाही. वही घेतली ती चुका लिहायला. पुस्तकातल्या.

दत्तोबा लोकोशेडात फिटर आहे आणि दोन्ही वेळेला माझ्या खाणावळीत जेवतो. आज पाटावर बसायच्या आधी त्यानं पिशवीतून एक पुस्तक काढलं.

"मावशी, तुमचं नाव छापलंय."

"कुटं?"

"पुण्यात."

"आरं मेल्या, पुस्तकात कुटं ते इचारती."

त्यानं पान काढून दाखवलं. 'लोणावळे येथील धोंडाबाई नामक एक खाणावळवाली.' नामक म्हणे. वीस वर्षं ह्या गावाला जेवायला घालते, मी नामक झाले.

पुस्तकाचं नाव 'तळ्यातील प्रेत अथवा दिराचे कृष्णकृत्य'. आमच्या सरूच्या खुनाचं आहे. सरू माझी धाकटी बहीण. भाजे गावात दिली होती, अंबाजीला. बारा वर्षांमागं मार्गशीर्षात नाहीशी झाली, आणि पंधरा दिवसांनी वळवणच्या तळ्यात बाई सापडली. सरूचा दीर कोंडाजी, त्याला जन्मठेप झाली. अजून येरवड्याला आहे.

लिहिणारा पुण्याचा कुणी बी.ए. आहे. तो इकडं कधी आला नाही हे दोन पानांत कळतं. मार्गशीर्षात त्यानं भाज्याची खाचरं हिरवीगार डोलवलीत. तेव्हा खाचरात नुसती खुंटं असतात, अनवाणी गेलं तर पाय फाडतात.

मी माहेरी, सुदुंबऱ्याला, दोन यत्ता शिकले. वाचायला वेळ लागतो, जोडाक्षराला अडते. पण चुका काढायला यत्ता लागत नाहीत. सगळ्या लिहून त्याला टपालानं पाठवणार. पुन्हा छापील तेव्हा नीट छापील. सरूबद्दल खोटं राहू नये, एवढंच.

मंगळवार, ६ जुलै

पान नऊवर सरू पहिल्यांदा येते. 'गौरवर्णी, मृगनयनी, मितभाषिणी.' तीन शब्द, तिन्ही खोटे. सरू काळी होती, तव्याच्या बुडासारखी, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. डावा डोळा जरा तिरका. मितभाषिणी म्हणजे काय ते दत्तोबाला विचारलं. म्हणाला, कमी बोलणारी. मी इतकी हसले की आमटी उतू गेली. भाज्याच्या पाणवठ्यावर सरू भांडायला उभी राहिली की बाया हंडे खाली ठेवून ऐकत बसायच्या. हसली की नाकातून आवाज यायचा, घोडं फुरफुरतं तसा. त्यावरून आईनं तिला किती बडवली, पण तो आवाज काही गेला नाही.

पुस्तकातली सरू पदराआड अश्रू ढाळते. बावीस पानांत चार वेळा ढाळले. आमची सरू रडायची तेव्हा भांडी आपटायची.

आणि अंबाजी म्हणे 'पत्नीशोकाने विदीर्ण'. मार्गशीर्षात बायको गेली, माघात दुसरी आणली. त्याच्या हातातला आसूडही पुस्तकात नाही. सरूच्या पाठीवर तो मी बघितला होता, नागपंचमीला न्हायला बसली तेव्हा. मी म्हटलं होतं, तोंड कमी चालव म्हणजे हात कमी चालंल त्याचा.

एवढं लिहून बरं वाटलं. मग वाईट वाटलं. का ते लिहीत नाही.

रविवार, ११ जुलै

पान एकाहत्तर. इथं मी आहे. 'ती धीराची भगिनी पुढे सरसावली. प्रेताचे मस्तक आपल्या अंकावर घेऊन तिने ते प्रिय मुख क्षणभर न्याहाळले आणि एकच टाहो फोडला.'

अंकावर म्हणजे मांडीवर. हे कुणी सांगितलं ह्याला? मी पुढं गेलेच नाही. दवाखान्यामागची खोली होती. फौजदार दारात घड्याळ बघत उभा. मी पदर नाकाला लावून उंबऱ्याबाहेरूनच बघितलं. हिरवं लुगडं दिसलं. तो म्हणाला, "बाई, बहीणच ना तुमची?" मी म्हटलं, "व्हय." चुलीवर भात टाकून आले होते आणि पंचवीस माणसं जेवायची होती. सही केली नि निघाले. टाहो-बिहो काही नाही. जेवढ्याला मला चार श्वास लागले तेवढ्याला ह्यानं दीड पान लावलंय.

'धीराची भगिनी' खोडा असं त्याला लिहिणार. खोटी शाबासकी मला नको.

गुरुवार, १५ जुलै

चौसष्टाव्या पानापर्यंत सरू जिवंत आहे. पासष्टावर मारतात. मी चौसष्टला थांबते आणि परत नववं पान काढते. असं पाच वेळा झालं. दत्तोबा म्हणतो, मावशी पुढं वाचा की, शेवट काय झाला ते कळंल. मेल्याला वाटतं मला शेवट ठाऊक नाही.

गोरी असली, मृगनयनी असली, तरी त्या पानांत ती उठते, पाणी भरते, चालते. बारा वर्षांत मला तेवढंही मिळालं नव्हतं. आमच्याकडं तिचा फोटो नाही. लुगडी अंबाजीच्या दुसरीनं नेसून फाडली.

एक वाक्य मात्र त्याला साधलंय. पान एकेचाळीस. 'ती चालताना कधी मागे वळून पाहत नसे.' हे कुठून आलं कोण जाणे. पण हे खरं. लहानपणी आम्ही दोघी इंद्रायणीवर धुणं घेऊन जायचो. मी मागं, ती पुढं. मी ओरडायची, सरे, थांब. ती थांबायची, पण वळायची नाही. पाठमोरी उभी राहायची मी येईपर्यंत. वाक्य वाचलं तेव्हा ती पाठ दिसली. मधोमध वेणी, एका बाजूला कलती.

रविवार, १८ जुलै

पुस्तकवाल्याची लिहायची तऱ्हा आता मला कळली. जिथं त्याला काही ठाऊक नसतं तिथं तो चंद्र काढतो. चंद्र, घुबड, सोसाट्याचा वारा, काळीज थरथरणं. आणि जिथं त्यानं कागद पुढ्यात ठेवून उतरवलंय तिथं वाक्य सुकतं. 'सकाळी दहाचे सुमारास पंच जमले.' ह्यात घुबड नाही, म्हणून हे खरं. ही खूण धरून वाचलं की तांदळातले खडे वेचावे तसं होतं. ओलं ते त्याचं, कोरडं ते खरं. शाळेत कुणी शिकवलं नाही हे मला. माझं मीच काढलं.

पान एक्क्याण्णववर कोंडाजीची जबानी आहे. एकच ओळ. 'मी माझ्या वहिनीची वाट लावली.' कोरडी. त्याच्याखाली चार पानं ओली. 'केवढा हा निगरगट्टपणा! केवढी ही निर्लज्ज कबुली! मराठी भाषेतील ह्या दोन शब्दांनी एका अबलेचे आयुष्य पुसून टाकले!'

पहिल्यांदा मला पुस्तकवाल्याचं पटलं. कोंडाजी हे बोलला तेव्हा मी बाहेर बाकावर होते, साक्षीदाराला आत बसू देत नाहीत. आज पहिल्यांदा त्याचे शब्द बघितले. मुडद्या, वाट लावली म्हणतोस? सरूच्या हातची भाकरी खाऊन? पुस्तक चुलीत घालावंसं वाटलं. मग सरूची चौसष्ट पानंही जळतील म्हणून नाही घातलं. शेवटी मागं बारीक अक्षराची आणखी पानं आहेत, 'परिशिष्ट' का काय. ती सोडली. डोळे दुखतात आणि त्यात गोष्ट नाही.

शनिवार, २४ जुलै

मेहमुदाशी भांडण झालं. मेहमुदा माझी शेजारीण, बांगड्या भरते. तिला अक्षर येत नाही. दुपारी पाऊस असला आणि गिऱ्हाईक नसलं की माझ्याकडं येऊन वाती वळते आणि पुस्तक ऐकते. आज तिला एकाहत्तरावं पान वाचून दाखवलं आणि माझी चूकही वाचून दाखवली, की मी पुढं गेलेच नव्हते.

वात तिच्या मांडीवरच राहिली. "थांब जरा. म्हंजी तू तोंड बघितलंच न्हाईस?"

"तोंड काय ऱ्हायलं व्हतं बघायला? पंधरा दिस पाण्यात."

"बघितलं न्हाईस तर तुला कसं ठावं ऱ्हायलं न्हवतं?"

"फौजदारानं सांगितलं."

"आन हिरवं लुगडं मावळात कुणाकुणाकडं हाय, धोंडे? माज्याकडं बी हाय. बांगड्या भरायला हात फुडं येत्यात ते निम्मे हिरव्या पदरातनं येत्यात."

"तू तुज्या बांगड्या मोज जा. वकिलीण लागून गेलीस."

"तू झालीस की पुस्तकाची मास्तरीण! समद्याचं खडं दिसत्यात. तुज्या सुपातला तेवडा दिसत न्हाई."

वाती तिथंच टाकून गेली. जाऊ दे. जाणाऱ्याला मी अडवत नाही.

सोमवार, २ ऑगस्ट

मेहमुदा बोलत नाही. मीही नाही. चुका एकवीस झाल्या.

एक गोष्ट पुस्तकात मुळीच नाही. ती चुकांत धरायची का नाही ह्यावर आज सगळा दिवस गेला. पोळ्या करपल्या दोनदा.

सरू ज्या दिवशी नाहीशी झाली त्या दिवशी ती माझ्याकडं आली होती. भर दुपारी, पंगत बसलेली असताना. हातात गाठोडं. मागल्या दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "आक्का, वाईच बोलायचंय." दोन हातांत दोन भांडी होती माझ्या. मी म्हटलं, "पंगत उटू दे. आन गाठोडं कशाला आणलंस? गुमान परत जा घरी, तुजं नेहमीचंच हाय." आत वाढायला गेले. कुणी ताक मागितलं, कुणी भात. परत येऊन बघितलं तर दार रिकामं.

मला वाटलं, गेली घरी. रागावली असेल तर रागावू दे, संक्रांतीला येईल. कोर्टात कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. पुस्तकातही नाही. बरंच आहे. पुस्तकाला काय करायचंय ते.

मागं वळून बघितलं नसणार तिनं. मीही लगेच बाहेर जाऊन हाक मारली नाही. मारली असती तर ती थांबली असती. पाठमोरी का होईना, थांबली असती.

गुरुवार, १२ ऑगस्ट

मेहमुदाची लैला बाळंतपणाला आली होती. तीन महिने झाले, आज तळेगावला सासरी गेली. आमचं बोलणं बंद होतं तरी पोरीच्या ओटीत घालायला मी नारळ घेऊन गेले. पोर ढसाढसा रडत टांग्यात बसली. बाळ तिच्याहून मोठ्यानं रडत होतं. मेहमुदा टेसनापर्यंत गेली. परत आली तेव्हा डोळे पुसत माझ्याच ओट्यावर बसली, भांडण विसरून.

कुणी तरी रस्त्यावरून विचारलं, "मेहमुदाबी, गेली का लेक?"

ती म्हणाली, "व्हय. आत्ताच वाटं लावली तिला."

मी चहा टाकायला आत गेले. भांडं हातात घेतलं आणि उभी राहिले. पाणी घालायचं राहून गेलं.

शुक्रवार, १३ ऑगस्ट

कणीक भिजवताना झालं ते लिहिते.

'वाटं लावली तिला.' हे आम्ही रोज बोलतो. लेक सासरी धाडली, वाटं लावली. पाव्हणा टेसनावर सोडला, वाटं लावला. जबानी उतरवणाऱ्या पुण्याच्या कारकुनाला हे कुठून ठाऊक असणार? त्याला 'वाट लावणं' तेवढं ठाऊक. कोंडाजी काय बोलला असेल? मी त्याच्यासारखं मोठ्यानं बोलून बघितलं. "म्या वैनीला वाटं लावली." हेच बोलला असणार. कारकुनानं टिंब गाळलं आणि 'वहिनीला'चं 'वहिनीची' केलं. मी तशीच पिठाच्या हातानं पान काढलं. ओळीवर पीठ पडलं. ओळ कोरडीच होती. पण कोरडं म्हणजे खरंच असं नाही. कोरडं लिहिणारालाही कान असतो, आणि तो कान पुण्याचा असतो.

मग मागची बारीक अक्षराची पानं काढली, जी सोडली होती. पहिलाच कागद पंचनामा. अक्षर लावायला मला पाऊण तास लागला.

'स्त्री, वय अजमासे तीस. अंगावर हिरवे लुगडे. हातांत फुटक्या हिरव्या काचेच्या बांगड्या. उजव्या दंडावर तुळशीवृंदावन गोंदलेले. डाव्या मनगटावर विंचू गोंदलेला.'

सुदुंबऱ्याला गोंदणारी आली तेव्हा मी नऊ वर्षांची, सरू पाच. मी दात-ओठ खाऊन बसले, दोन्ही हात भरून घेतले. सरूनं हनुवटीवर एक टिकली सोसली आणि दुसऱ्या टोचणीला त्या बाईच्या हाताला चावून पळाली. दिवसभर पेंढ्यात लपून बसली. पुढं कधी गोंदून घेतलं नाही. सासू टोचून बोलायची, बिनगोंदणाची सून, मेल्यावर देवाला काय दाखवंल? सरूचे हात कोपरापासून बोटापर्यंत कोरे होते.

खोलीत उंबऱ्यापासून चार पावलं आत गेले असते तर हात दिसला असता.

पुस्तकवाल्याला लिहिलेली यादी फाडली. त्याच्या एकवीस चुका बारीक होत्या.

मेहमुदाला वाचून दाखवलं. ती 'मी म्हटलं नव्हतं' असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवार, २७ ऑगस्ट

येरवड्याला जाऊन आले. भेटीचा अर्ज दत्तोबानं लिहून दिला होता. खाणावळ आज बंद ठेवली, वीस वर्षांत दुसऱ्यांदा.

कोंडाजी माझ्याहून आठ वर्षांनी लहान. समोर म्हातारा आला. मधे जाळी, बाजूला शिपाई. मी काही ठरवून गेले नव्हते. विचारलं, "कोंडाजी, त्या दिशी तू जबानीत काय बोलला व्हतास? तसंच्या तसं सांग."

"धोंडाक्का, बारा वर्सांनी ह्येच इचारायला आलीस व्हय?"

"सांग म्हंते ना."

"म्हनलं, वैनीला वाटं लावली. मळवलीच्या टेसनावर. पाचची गाडी, मुंबैची. दादा तिला जित्ती ठेवत न्हवता. धा बारी सांगितलं म्या. वाटं लावली म्हनलं की समदे मान हलवायचे. मला वाटलं, पटलं त्यास्नी." तो हसला. शिपाईसुद्धा बघायला लागला.

"मुंबईत कुटं?"

"ते म्या इचारलंच न्हाई. तीच म्हनली, इचारू नगं भावजी, तुमास्नी मार पडला तर सांगून बसाल. लय शानी बाई." मग म्हणाला, "आदी तुज्याकडंच ऱ्हायचं व्हतं तिला. दुपारी येऊन गेली न्हवं का तुज्याकडं? परत आली आन म्हनली, आक्काला लय काम हाय."

मी जाळीला धरून उभी राहिले.

मला जे विचारायचं नव्हतं ते विचारलं, माझं तोंडच तसं आहे. "तुजं मन व्हतं का रं तिच्यावर? पुस्तकात तसंच लिवलंय."

"व्हतं तर? मन व्हतं म्हनून तर वाटं लावली. नसतं तर घरात ठेवून घेतली असती की दादाचा मार खायाला."

मी सांगितलं त्याला. म्हटलं, मी त्या खोलीत गेलेच नव्हते. लुगडं बघून व्हय म्हटलं. भात टाकून आले होते.

तो शिव्या देईल म्हणून मी वाट बघत होते. तो बराच वेळ नखानं जाळीचा गंज खरवडत राहिला.

"कोर्टात तू रडली न्हाईस," तो म्हणाला. "म्या मनात म्हनलं, आक्काला ठावं हाय सरू जित्ती हाय. दादानं सोदू नये म्हनून मेली म्हंती. म्हनून म्या बी मग जास्ती बोललो न्हाई. म्हनलं, दोगं मिळून लपवू तिला."

भेटीची वेळ संपली तेव्हा तो शिपायाबरोबर वळला आणि जाता जाता एवढंच बोलला, "ती गाडी लोणावळ्याला थांबली आसंल की गं. थांबतीच."

थांबतेच. पाच-दहा मिनिटं थांबते, घाट उतरायच्या आधी. त्या वेळेला मी मोरीत पातेली घासत असते. टेसन माझ्या मोरीतून दिसतं.

गुरुवार, २ सप्टेंबर

काही सुचत नाही. मेलेली होती तेव्हा एका जागी होती. आता मुंबईत आहे का कराचीत, का खरंच कुठं तरी मेली, काही कळत नाही. आज मुंबईची प्रत्येक गाडी येताना बघितली आणि जाताना बघितली. सरूनं चार ओळी का पाठवल्या नाहीत? तिला लिहिता येत नव्हतं. दुसऱ्याकडून लिहवून घेता आलं असतं. पण कुणाला पाठवणार होती? जिला लय काम होतं तिला?

पुस्तक पुन्हा नवव्या पानावर काढलं. वाचवेना. ती गोरी बाई कोण कुठली, माझी कोणी नाही.

बुधवार, १५ सप्टेंबर

वडगावला वकिलाकडं गेले. सरकारकडं अर्ज करायचा, त्याला माझी शपथेवरची जबानी जोडायची. वकील चष्म्याच्या वरून बघत म्हणाला, "बाई, खोटी साक्ष दिली म्हणून तुम्हालाच आत घालतील. समजतंय का?"

"घालू द्या. तितं बी जेवान करायला मानूस लागतंच."

त्याचा कारकून लिहायला लागला. मी म्हटलं, वाचून दाखवा. त्यानं वाचलं, 'मी प्रेत नीट पाहिले नव्हते.'

"नीट काढा."

वकील म्हणाला, "अहो, नीट असू द्या. तुमच्याच फायद्याचं आहे. नीट पाहिले नाही म्हणजे नजरचूक. पाहिलेच नाही म्हणजे गुन्हा."

"बघितलंच न्हाई. तो शब्द माझा न्हाई, तुमचा हाय. काढा."

काढला. मग कोंडाजीची ओळ आली. मी कारकुनाच्या शेजारी बसले आणि टिंब दिलेलं डोळ्यांनी बघितलं. 'वाटं.' त्यानं दौत माझ्यापासून लांब सरकवली, जशी काही मी ती पिणार होते. वकील म्हणतो, उत्तर दिवाळीपर्यंत येईल, नाही तर येणारही नाही. अंबाजीच्या घरून निरोप आलाय, की मी भाज्यात पाऊल टाकलं तर तंगडं मोडू. मोडा म्हणावं.

अविधवा नवमी

दरवर्षी ह्या दिवशी मी सरूच्या नावानं सवाष्ण जेवू घालते. नवरा जिवंत असताना गेली, आणि अंबाजी काही तिचं करणार नव्हता. यंदा सकाळी तांदूळ धुवायला घेतले आणि हात थांबला. जिवंत माणसाचं पान कसं मांडायचं?

मेहमुदा ओट्यावरून बोलली, "नगं मांडू मग."

"आन ती?"

"कोन?"

"तळ्यातली. बारा वर्सं सवाष्ण जेवली ती सरूच्या नावानं. तिला कुणी घातलं न्हाई."

मेहमुदानं बांगड्यांची पेटी खाली ठेवली. म्हणाली, "खीर दाट कर."

रतनबाईला बोलावलं. ती भाजी विकते, तिचं माहेर पवन मावळातलं. हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, पाटावर बसवली. पान वाढलं. तिनं विचारलं, "कुणाच्या नावानं जेवू, आक्का? सरूबाईच्याच ना?"

"सरू न्हाई. सरू जित्ती हाय."

"मग?"

"नाव ठावं न्हाई. तळ्यात गावली व्हती ती बाई. उजव्या दंडावर तुळशीवृंदावन व्हतं तिच्या."

रतनबाईनं उचललेला घास पानात परत ठेवला.

"दंडावर? मनगटावर न्हाई, वर दंडावर?"

"व्हय."

"आमच्या गावची एक व्हती. सासूशी भांडून निगाली, ती कोकनात भनीकडं गेली म्हंत्यात. ह्या मार्गशीर्षात बारा वर्सं व्हतील. तिची आई हाय की अजून. परवा बाजारात भेटली तर म्हनती, औंदा दिवाळीला यील पोर, लय दिस राग धरलाय तिनं."

माझ्या तोंडावर 'व्हय' आलं. तीच, व्हय, तीच. गिळलं ते. त्या म्हातारीची दिवाळी माझ्या एका शब्दावर होती.

आत जाऊन पुस्तक आणलं. उघडलं नाही. मांडीवर मिटून ठेवलं आणि वर दोन्ही हात ठेवले. आधी मीच विंचू सांगितला असता तर तिनंही 'व्हय' म्हटलं असतं, माणूस तसंच असतं.

"रतनबाई, तिच्या डाव्या हातावर काय व्हतं?"

"डाव्या?" ती भिंतीकडं बघायला लागली. "व्हतं काय तरी. आमी संगं धुवायला जायचो... थांब हां. डावा हात..."

मेहमुदा काही बोलणार होती. मी तिला हातानं गप केलं.

"घाई न्हाई," मी म्हटलं. "नीट आठव. काय नसंल तर नसंल म्हन."

रतनबाईनं डोळे मिटले. भात निवला. खिरीवर साय धरली. दाराशी दत्तोबा येऊन उभा राहिला, त्याच्या मागं शेडातली चार माणसं, जेवायची वेळ झाली होती. मी त्यांना बाहेरच थांबायला सांगितलं आणि रतनबाईच्या समोर बसून राहिले.